जावा फ्रेमवर्कमधील कॉन्फिगरेशन : जतन आणि परिवर्तन
(स्प्रिंग व स्प्रिंग बूट यांच्या विशेष संदर्भात)

सारांश

मूळ आज्ञावलीत फेरफार न करता संगणकीय प्रणालीचे वर्तन ठरविणाऱ्या नोंदींना कॉन्फिगरेशन असे म्हणतात. जावा भाषेतील फ्रेमवर्क जसजसे विकसित होते, तसतशी या नोंदींची नावे, त्यांचे अर्थ आणि त्यांचा अग्रक्रम बदलत जातो. या बदलांचा भार अखेरीस ती प्रणाली वापरणाऱ्या संस्थेवर पडतो. स्प्रिंग आणि स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कच्या वाटचालीच्या आधारे हे बदल कसे घडविले जातात, कोणते बदल घातक ठरतात आणि लहान संस्थांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

सूचक शब्द : जावा, स्प्रिंग, कॉन्फिगरेशन, सुसंगतता, प्रॉपर्टीज फाइल, युनिकोड.

१. प्रास्ताविक

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालये, वाचनालये आणि पतसंस्था यांच्या दैनंदिन कामकाजात संगणकीय प्रणाली आता रुळल्या आहेत. त्यांपैकी काही बाहेरून विकत घेतलेल्या असतात, तर काही संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून तयार केलेल्या असतात. पदवी हाती पडताच विद्यार्थी नोकरीसाठी पुणे-मुंबईकडे जातो. प्रणाली मात्र संस्थेतच राहते. पुढे दंडाचा दर बदलतो, माहितीसाठा नव्या संगणकावर हलविला जातो, सूचनांचा मजकूर सुधारावा लागतो. अशा वेळी संस्थेतील कर्मचाऱ्याला आज्ञावली वाचता येत नसली, तरी साध्या मजकुराची एक फाइल उघडून त्यातील आकडा बदलता येतो. ही फाइल म्हणजेच त्या प्रणालीचे कॉन्फिगरेशन होय.

या फाइलमधील प्रत्येक नोंदीचा अर्थ प्रणालीच्या निर्मात्याने एकट्याने ठरविलेला नसतो. त्यातील बराचसा भाग ज्या फ्रेमवर्कवर प्रणाली उभी आहे, त्या फ्रेमवर्कने ठरविलेला असतो. फ्रेमवर्क बदलले की नोंदीही बदलतात. म्हणून कॉन्फिगरेशनचे जतन आणि परिवर्तन हा विषय केवळ फ्रेमवर्कच्या निर्मात्यांचा नसून, त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक संस्थेचा आहे. प्रस्तुत लेखात नोंदींची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन लिपीत लिहिली जातात.

२. कॉन्फिगरेशनची संकल्पना

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी जावा भाषेत एक प्रणाली तयार केली आहे. पुस्तक मुदतीत परत न आल्यास दररोज एक रुपया दंड आकारला जातो. हा ‘१’ आज्ञावलीतच लिहून ठेवला, तर दर दोन रुपये करण्यासाठी आज्ञावली शोधावी लागेल, ती पुन्हा संकलित करावी लागेल आणि नव्याने बसवावी लागेल. तोच आकडा बाहेरच्या फाइलमध्ये ‘दंड.प्रतिदिन=१’ असा लिहिला, तर एक ओळ बदलून काम भागते.

अशा नोंदींचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार परिस्थितीनुसार बदलणाऱ्या नोंदींचा होय. माहितीसाठ्याचा पत्ता, परवलीचा शब्द, जोडणीसाठी थांबण्याची कालमर्यादा इत्यादी नोंदी यात येतात. पावसाळ्यात जेथे वीज व जोडणी वारंवार खंडित होते, तेथे ही कालमर्यादा शहरातील कार्यालयापेक्षा वेगळी ठेवावी लागते. दुसरा प्रकार संस्थेच्या धोरणाचा आहे. दंडाचा दर, एका वाचकाला द्यावयाच्या पुस्तकांची संख्या, सुट्ट्यांची यादी ही त्याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार प्रणालीच्या अंतर्गत रचनेचा असून कोणता घटक कोणत्या घटकाला जोडावयाचा, हे त्यात सांगितलेले असते. जावा फ्रेमवर्कच्या इतिहासात प्रारंभी या तिसऱ्या प्रकाराला विशेष महत्त्व प्राप्त झाले.

३. स्प्रिंगमधील कॉन्फिगरेशनची वाटचाल

विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या संस्थांसाठी जावातील प्रणाली ‘जे टू ई ई’ या प्रमाणानुसार लिहिल्या जात. साध्या कामासाठीही तेथे अनेक फाइली आणि लांबलचक वर्णनपत्रे लिहावी लागत. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या पद्धतीवर टीका करून एक सोपी चौकट आज्ञावलीसह मांडली. तिच्यातूनच स्प्रिंग हे मुक्त स्रोत फ्रेमवर्क आकाराला आले व मार्च २००४ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

स्प्रिंगचे मूळ तत्त्व साधे आहे. एखाद्या घटकाला दुसऱ्या घटकाची गरज असेल, तर त्याने तो स्वतः निर्माण न करता बाहेरून स्वीकारावा. मार्टिन फाउलर यांच्या जानेवारी २००४ मधील लेखामुळे या पद्धतीसाठी ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ ही संज्ञा रूढ झाली. घटकांची ही जोडणी कोठेतरी लिहून ठेवणे आवश्यक होते. स्प्रिंगच्या पहिल्या आवृत्तीत ती प्रामुख्याने एक्सएमएल फाइलमध्ये लिहिली जात असे. संपूर्ण रचना एका ठिकाणी दिसते, हा या पद्धतीचा गुण होता. तथापि प्रणाली वाढली की फाइल शेकडो ओळींची होई, आणि एखाद्या वर्गाचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले, तरी ती चूक प्रणाली सुरू करेपर्यंत लक्षात येत नसे.

ऑक्टोबर २००६ मधील २.० या आवृत्तीने एक्सएमएल लेखन आटोपशीर करण्यासाठी विशिष्ट कामांच्या स्वतंत्र खुणा उपलब्ध करून दिल्या. दरम्यान २००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत ॲनोटेशन, म्हणजे आज्ञावलीतच लिहावयाच्या टीपचिन्हांची सोय झाली होती. तिचा उपयोग करून नोव्हेंबर २००७ मधील स्प्रिंग २.५ या आवृत्तीने घटकांची ओळख आणि जोडणी टीपचिन्हांद्वारे करण्याचा मार्ग खुला केला. लेखन कमी झाले, परंतु पूर्वी एका फाइलमध्ये दिसणारी रचना अनेक वर्गांमध्ये विखुरली गेली. डिसेंबर २००९ मधील ३.० या आवृत्तीत जावा भाषेतच कॉन्फिगरेशन लिहिण्याची पद्धत मूळ फ्रेमवर्कमध्ये समाविष्ट झाली. तिच्यामुळे रचना पुन्हा एकत्र लिहिता येऊ लागली आणि नावांतील चुका संकलनाच्या वेळीच पकडल्या जाऊ लागल्या. डिसेंबर २०११ मधील ३.१ या आवृत्तीने ‘प्रोफाइल’ ही संकल्पना आणली. चाचणीसाठी एक आणि प्रत्यक्ष वापरासाठी दुसरा संच, अशी विभागणी तिच्यामुळे शक्य झाली.

या वाटचालीतील एक बाब विशेष लक्षणीय आहे. टीपचिन्हे आली म्हणून एक्सएमएल काढून टाकले गेले नाही, आणि जावातील कॉन्फिगरेशन आले म्हणून टीपचिन्हे रद्द झाली नाहीत. तिन्ही पद्धती एकाच प्रणालीत शेजारी-शेजारी नांदू शकतात. त्यामुळे २००५ मध्ये एक्सएमएलच्या आधारे लिहिलेली प्रणाली एका दिवसात नव्याने लिहिण्याची सक्ती कोणावर झाली नाही. नवा भाग नव्या पद्धतीने लिहावा आणि जुना सवडीने बदलावा, अशी मोकळीक राहिली.

एप्रिल २०१४ मध्ये स्प्रिंग बूटची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि कॉन्फिगरेशनचा भर बदलला. प्रणालीसोबत कोणती ग्रंथालये जोडली आहेत, हे पाहून स्प्रिंग बूट आवश्यक घटक स्वतःच उभे करते. विकासकाने तोच घटक स्वतः लिहिला असेल, तर ते सामान्यतः आपला घटक मागे घेते. परिणामी अंतर्गत रचनेचे लेखन बरेचसे लोप पावले व ‘ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज’ या फाइलमधील मोजक्या नोंदी तेवढ्या उरल्या. मात्र जे लिहिले नाही, तेही आता कॉन्फिगरेशनचाच भाग ठरले. पूर्वनिर्धारित मूल्य बदलले, तर फाइलमध्ये एक अक्षरही न बदलता प्रणालीचे वर्तन बदलू शकते.

४. मूल्यांचे स्रोत आणि त्यांचा अग्रक्रम

स्प्रिंग बूटमध्ये एकाच नोंदीचे मूल्य अनेक ठिकाणांहून येऊ शकते. आज्ञावलीत दिलेले पूर्वनिर्धारित मूल्य सर्वांत खालच्या पायरीवर असते. त्यानंतर प्रणालीच्या जार फाइलमधील प्रॉपर्टीज फाइल, जारबाहेर ठेवलेली फाइल, कार्यकारी प्रणालीतील पर्यावरणचल आणि अखेरीस प्रणाली सुरू करताना आदेशासोबत दिलेले मूल्य, असा चढता क्रम स्थूलमानाने सांगता येतो. वरच्या पायरीवरील मूल्य खालच्या मूल्यावर मात करते.

या क्रमामागे व्यावहारिक विचार आहे. विद्यार्थ्याने प्रकल्प तयार करताना दंडाचा दर जारमध्ये ‘१’ असा ठेवला असेल आणि ग्रंथालयाने बाहेरच्या फाइलमध्ये ‘२’ लिहिले, तर संस्थेचा निर्णय मान्य झाला पाहिजे. परवलीचे शब्द जारमध्ये बंदिस्त न करता बाहेरून देता येतात, हाही या रचनेचा मोठा लाभ होय.

बहुतेक कार्यकारी प्रणालींच्या आदेशपटलांत पर्यावरणचलाच्या नावात टिंब किंवा आडवी रेघ चालत नाही. म्हणून ‘सर्व्हर.पोर्ट’ ही नोंद तेथे टिंबाऐवजी अधोरेखा वापरून मोठ्या अक्षरांत लिहिली जाते आणि स्प्रिंग बूट ती एकच नोंद असल्याचे ओळखते. ही लवचिकता सोयीची असली, तरी तिचे नियम काटेकोर असावे लागतात; अन्यथा दोन वेगळ्या नोंदी एकच मानल्या जाण्याचा धोका संभवतो. मार्च २०१८ मधील २.० या आवृत्तीत हे नियम मुळापासून नव्याने लिहिले गेले. छोटी अक्षरे आणि शब्दांमध्ये आडवी रेघ असे नावाचे प्रमाणरूप तेव्हा निश्चित झाले.

५. परिवर्तनाच्या पद्धती

५.१ नावातील बदल. स्प्रिंग बूट १ या मालिकेत प्रणालीचा पत्ता ठरविणारी नोंद ‘सर्व्हर.कॉन्टेक्स्ट-पाथ’ अशी होती. २.० मध्ये ती ‘सर्व्हर.सर्व्हलेट.कॉन्टेक्स्ट-पाथ’ अशी झाली. या मालिकेत सर्व्हलेटवर आधारित नसलेल्या प्रणालींनाही स्थान मिळाले होते, त्यामुळे केवळ सर्व्हलेटला लागू असलेली नोंद वेगळी करणे तर्कसंगत होते. परंतु जुनी ओळ फाइलमध्ये तशीच राहिली, तर काय होते? अनोळखी नोंदींकडे सामान्यतः दुर्लक्ष केले जाते, कारण त्याच फाइलमध्ये विकासकाच्या स्वतःच्या नोंदीही असतात. त्यामुळे प्रणाली कोणतीही तक्रार न करता सुरू होते. मात्र ‘ग्रंथालय’ या पत्त्यावर ती सापडत नाही आणि कर्मचाऱ्याला दोष कोठे आहे हे कळत नाही.

या अडचणीवर दोन उपाय योजण्यात आले. पहिला उपाय नोंदींच्या माहितीपत्राचा. प्रत्येक नोंदीचे नाव, प्रकार, पूर्वनिर्धारित मूल्य आणि वर्णन यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात फ्रेमवर्कसोबत दिले जाते. नोंद कालबाह्य झाली असेल, तर तिचे कारण आणि पर्यायी नावही त्यात नमूद केलेले असते. त्यामुळे आज्ञावली लिहिण्याच्या साधनात जुने नाव तत्काळ खोडलेले दिसते. दुसरा उपाय म्हणजे ‘प्रॉपर्टीज मायग्रेटर’ हा तात्पुरता घटक. तो प्रणालीला जोडला असता सुरुवातीलाच जुन्या नोंदींची यादी छापतो आणि जेथे शक्य आहे, तेथे त्यांची मूल्ये नव्या नावांना तात्पुरती पोचवितो. यादीनुसार फाइल सुधारली की हा घटक काढून टाकणे अपेक्षित असते.

५.२ मूल्याच्या अर्थातील बदल. कालमर्यादा पूर्वी केवळ पूर्णांकाने लिहिली जाई. ‘३०’ म्हणजे तीस सेकंद की तीस मिलिसेकंद, हे कागदपत्रे पाहिल्याशिवाय समजत नसे. २.० पासून आकड्यासोबत एकक लिहिण्याची सोय झाली. एकक न लिहिल्यास मिलिसेकंद गृहीत धरले जातात. परंतु जी नोंद पूर्वीपासून सेकंदात होती, तिच्यासाठी निर्मात्याने टीपचिन्हाद्वारे सेकंद हे एकक निश्चित करावे, अशी सूचना स्प्रिंग बूटच्या कागदपत्रांतच आहे. त्यामुळे जुन्या फाइलमधील उघडा ‘३०’ पूर्वीइतकाच काळ दर्शवितो आणि नव्या फाइलमध्ये एककासह स्पष्ट लेखन करता येते. जुना अर्थ अबाधित ठेवून नवी अभिव्यक्ती देणे, हा परिवर्तनाचा सर्वांत निर्धोक प्रकार मानावा लागेल.

५.३ अग्रक्रमातील बदल. नोव्हेंबर २०२० मधील २.४ या आवृत्तीत प्रॉपर्टीज फाइली वाचण्याची संपूर्ण यंत्रणा बदलण्यात आली. तोपर्यंत जारमधील प्रोफाइलविशिष्ट फाइल जारबाहेरील सर्वसाधारण फाइलवर मात करू शकत असे. नव्या नियमानुसार बाहेरची फाइल नेहमी आतील फाइलवर मात करते. एकाच फाइलमधील अनेक विभागही लिहिलेल्या क्रमाने वाचले जाऊ लागले. नियम अधिक सुबोध झाले, परंतु जुन्या क्रमावर विसंबलेल्या प्रणालीचे वर्तन बदलण्याची शक्यता होती. म्हणून जुन्या पद्धतीनेच वाचन करावे, असे सांगणारी एक नोंद त्याच आवृत्तीत उपलब्ध करून देण्यात आली. नोव्हेंबर २०२२ मधील ३.० या आवृत्तीत ती सवलत काढून घेण्यात आली. सवलत दिली, तिची मुदत सांगितली आणि मुदत संपताच ती बंद केली, असा हा क्रम आहे.

५.४ उघड अपयश. नोव्हेंबर २०२१ मधील २.६ या आवृत्तीने दोन घटक परस्परांवर अवलंबून असण्यास पूर्वनिर्धारितपणे मनाई केली. अशी वर्तुळाकार जोडणी असलेली प्रणाली त्या आवृत्तीवर सुरूच होत नाही. मात्र कोणते घटक त्या वर्तुळात आहेत, हे संदेशात क्रमाने दाखविले जाते आणि तात्पुरती परवानगी देणारी नोंदही उपलब्ध असते. वरवर पाहता हा बदल अधिक त्रासदायक वाटतो. वस्तुतः प्रणाली चाचणीच्या दिवशीच थांबल्यामुळे दोष त्याच दिवशी समजतो. मूकपणे बदललेले वर्तन मात्र काही महिन्यांनी, दंडाच्या चुकीच्या हिशेबातून किंवा न पोचलेल्या सूचनेतून उघडकीस येते.

६. मराठी मजकूर आणि प्रॉपर्टीज फाइल

कॉन्फिगरेशनच्या परिवर्तनाचा मराठी भाषकांना निकटचा वाटेल असा भाग खुद्द जावाच्या प्रॉपर्टीज फाइलशी निगडित आहे. वाचकाला दाखवावयाच्या सूचना भाषेनुसार वेगवेगळ्या प्रॉपर्टीज फाइलींत ठेवण्याची पद्धत जावात फार पूर्वीपासून आहे. परंतु या फाइली पश्चिम युरोपीय लिपींसाठी तयार केलेल्या ‘लॅटिन-१’ या संकेतानुसार वाचल्या जात. त्या संकेतात देवनागरीला स्थान नाही. त्यामुळे मराठीतील प्रत्येक युनिकोड चिन्हाऐवजी तिरपी रेघ, एक रोमन अक्षर आणि चार अंकी क्रमांक अशी सहा चिन्हांची साखळी लिहावी लागे. ‘ग्रंथालय’ हा शब्द युनिकोडमध्ये आठ चिन्हांचा आहे. फाइलमध्ये तो अठ्ठेचाळीस चिन्हांचा होई. हे रूपांतर करण्यासाठी ‘नेटिव्ह टू ॲस्की’ नावाचे साधन जावासोबत दिले जात असे.

याचा परिणाम उघड होता. जी फाइल कर्मचाऱ्याला वाचता यावी म्हणून बाहेर ठेवली, तीच त्याला वाचता येत नसे. कोणी भाबडेपणाने तीत सरळ मराठी मजकूर लिहून यूटीएफ-८ संकेतात जतन केला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट तीन स्वतंत्र युरोपीय अक्षरे म्हणून वाचले जात आणि पडद्यावर निरर्थक खुणांची रांग उमटे. स्प्रिंगमध्ये सूचनांच्या फाइलींसाठी यूटीएफ-८ निवडण्याची सोय होती आणि स्प्रिंग बूटने सूचनांसाठी तोच संकेत पूर्वनिर्धारित केला. तथापि ‘ॲप्लिकेशन.प्रॉपर्टीज’ ही मुख्य फाइल स्प्रिंग बूटच्या दुसऱ्या मालिकेतही लॅटिन-१ नुसारच वाचली जात असे. म्हणून तीत मराठी मजकूर ठेवण्याऐवजी तो सूचनांच्या फाइलमध्ये किंवा यूटीएफ-८ मानणाऱ्या यॅमल फाइलमध्ये ठेवणे श्रेयस्कर ठरते.

सप्टेंबर २०१७ मधील जावा ९ या आवृत्तीत भाषाविषयक प्रॉपर्टीज फाइली यूटीएफ-८ नुसार वाचण्याचा निर्णय झाला. हा बदल ज्या रीतीने करण्यात आला, ती रीत अभ्यसनीय आहे. फाइल प्रथम यूटीएफ-८ मानून वाचली जाते आणि त्या संकेतात न बसणारा बाइट आढळल्यास ती लॅटिन-१ नुसार पुन्हा वाचली जाते. साखळीरूपातील जुन्या फाइलींत केवळ मूलभूत रोमन चिन्हे असल्यामुळे त्या दोन्ही संकेतांत सारख्याच वाचल्या जातात. परिणामी जुन्या फाइली जशाच्या तशा चालत राहिल्या आणि नव्या फाइलींत मराठी सरळ लिहिता येऊ लागले. रूपांतराचे साधन त्याच आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. सर्वसाधारण प्रॉपर्टीज फाइल बाइटप्रवाहातून वाचण्याची मूळ पद्धत मात्र लॅटिन-१ वरच ठेवली गेली, कारण तिच्यावर विसंबलेल्या प्रणालींची गणती करणे अशक्य होते.

याच आवृत्तीत तारखा व अंक यांच्या स्थानिक रूपांसाठी युनिकोड संघाच्या ‘सीएलडीआर’ या माहितीसंग्रहाला पहिले स्थान देण्यात आले. त्या संग्रहात मराठीसाठी देवनागरी ही पूर्वनिर्धारित अंकपद्धती आहे. त्यामुळे मराठी स्थाननिवड करून पावत्या किंवा अहवाल छापणाऱ्या प्रणालीने आवृत्ती बदलताना अंकांचे रूप तपासून घेणे अगत्याचे ठरते. जुन्या माहितीकडे परतण्याचा पर्याय काही वर्षे उपलब्ध होता. जावा २१ मध्ये त्याविषयी इशारा छापला जाऊ लागला आणि सप्टेंबर २०२४ मधील जावा २३ या आवृत्तीत तो पर्याय संपुष्टात आला.

७. जुने जपण्याची किंमत

येथवरच्या विवेचनावरून जुन्या नोंदी सदैव जपाव्यात, असा निष्कर्ष कोणी काढू नये. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग फोर जे’ या नोंदवही लिहिणाऱ्या जावा ग्रंथालयात अत्यंत गंभीर सुरक्षादोष उघड झाला. नोंदवल्या जाणाऱ्या मजकुरातील विशिष्ट खूण वाचून बाहेरच्या संगणकाकडून माहिती मागविण्याची सोय २०१३ मध्ये त्यात समाविष्ट झाली होती. फारच थोड्यांना तिची गरज होती, परंतु जुन्या वापरकर्त्यांची अडचण होऊ नये म्हणून ती ठेवली गेल्याचे ते ग्रंथालय सांभाळणाऱ्यांनी नंतर जाहीरपणे सांगितले. दोष उघड होताच ती सोय बंद करणारी कॉन्फिगरेशनमधील एक नोंद तात्पुरता उपाय म्हणून सुचविण्यात आली. पुढे तो उपाय अपुरा ठरला आणि आवृत्ती बदलणे हाच मार्ग उरला.

मार्च २०२२ च्या अखेरीस स्प्रिंगमध्येही एक गंभीर दोष आढळला. त्याची दुरुस्ती ५.३.१८ आणि ५.२.२० या आवृत्त्यांत करण्यात आली. याचा अर्थ असा की, जी संस्था कॉन्फिगरेशन मोडेल या भीतीने चौथ्या मालिकेवर थांबली होती, तिच्यासाठी मुक्त दुरुस्ती उपलब्ध नव्हती. स्प्रिंग बूट २.७ या आवृत्तीचा मुक्त आधारही नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. आवृत्तीबदल जितका कष्टप्रद, तितक्या अधिक संस्था जुन्या व असुरक्षित आवृत्तीवर अडकून पडतात. विद्यार्थ्यांची व सभासदांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

८. लहान संस्थांसाठी कार्यपद्धती

वरील अनुभवांच्या आधारे ज्या संस्थेत पूर्णवेळ संगणकतज्ज्ञ नाही, तिच्यासाठी पुढील कार्यपद्धती सुचविता येते.

(अ) जारबाहेरील फाइलमध्ये केवळ पूर्वनिर्धारित मूल्याहून वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. प्रत्येक नोंदीच्या वर ती कोणी, केव्हा आणि का बदलली, याची एक ओळ लिहावी. परवलीचे शब्द वगळून ही फाइल आज्ञावलीसोबत जतन करावी.

(आ) संस्थेच्या स्वतःच्या नोंदी सुट्या न वाचता एका जावा वर्गात एकत्र कराव्यात आणि त्यांची वैधता तपासावी. दंडाचा दर ऋण असेल किंवा पुस्तकांची मर्यादा शून्य असेल, तर प्रणालीने सुरू होण्यासच नकार द्यावा.

(इ) एकाच नावाचा अर्थ कदापि बदलू नये. ‘दंड.प्रतिदिन’ ही नोंद रुपयांत असेल आणि पुढे पैशांत लिहावयाची असेल, तर नवे नाव द्यावे. संक्रमणकाळात जुने नावही स्वीकारावे, मात्र प्रत्येक वेळी इशारा छापावा. दोन्ही नावे आढळल्यास नव्याला मान द्यावा. एका शैक्षणिक वर्षानंतर जुने नाव रद्द करावे.

(ई) नव्या मालिकेवर जाण्यापूर्वी चालू मालिकेच्या अखेरच्या आवृत्तीवर यावे आणि तेथील सर्व इशारे दूर करावेत. ३.० वर जाण्यापूर्वी २.७ वर यावे, असा स्प्रिंग बूटचा अधिकृत सल्ला आहे.

(उ) आवृत्तीबदल जूनमधील प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या काळात करू नये. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी त्यासाठी निवडावी आणि जुनी प्रणाली काही दिवस परत सुरू करता येईल अशा स्थितीत ठेवावी.

(ऊ) अंतिम वर्षाचा प्रकल्प संस्थेच्या वापरासाठी स्वीकारताना नोंदींची यादी, प्रत्येकीचा अर्थ, एकक आणि पूर्वनिर्धारित मूल्य यांचे टिपण सादर करणे विद्यार्थ्यांना बंधनकारक करावे.

९. निष्कर्ष

कॉन्फिगरेशनमधील नोंद म्हणजे फ्रेमवर्कचा निर्माता आणि त्याला कधीही न भेटलेला वापरकर्ता यांच्यातील करार होय. स्प्रिंग व स्प्रिंग बूटच्या वाटचालीवरून असे दिसते की, हा करार बदलता येतो. किंबहुना सुरक्षिततेसाठी व नव्या गरजांसाठी तो बदलावाच लागतो. मात्र नवा मार्ग आधी उपलब्ध करणे, जुन्याविषयी इशारा देणे, संक्रमणाचे साधन पुरविणे आणि सांगितलेल्या मुदतीनंतरच जुना मार्ग बंद करणे, हा क्रम पाळला तरच विश्वास टिकतो. नाव बदलल्यास शोधता येते आणि प्रणाली थांबल्यास दुरुस्त करता येते. नाव तेच ठेवून अर्थ बदलल्यास मात्र चूक कोठे आहे, हेच कळत नाही. रत्नागिरीतील ग्रंथालयात बसून एक ओळ बदलणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या ओळीचा अर्थ उद्याही तोच राहील, याची खात्री देणे हीच या विषयातील मुख्य जबाबदारी आहे. ती फ्रेमवर्कच्या निर्मात्यांइतकीच महाविद्यालयात प्रणाली लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची व त्यांच्या मार्गदर्शकांचीही आहे.